एका समाधीवरील मरणशिल्प

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील फेलिची या इटालियन शिल्पकाराची कामे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तो स्वतः बडोद्यास येऊन राहिला होता. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी फ्लॉरेन्सच्या फोज्जीनीने मात्र गोव्यात पाऊलही न ठेवता तेथील एका समाधीचे शिल्प घडविले. त्याचे सुटे भाग जहाजाने आणून रँपोनी या कारागिराने १६९८ साली ते जुन्या गोव्याच्या बॉम जेझस चर्चमध्ये उभे केले.

समाधी संत फ्रान्सिस झेवियर यांची. चीनमध्ये धर्मप्रचारास निघालेले झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्या देशाच्या किनाऱ्याजवळील सान्च्यान बेटावर, एका झोपडीत, तापाने वारले. १५५४ साली देह गोव्यास आला. गोव्याच्या रुपेकारांनी १६३६-३७ मध्ये त्यासाठी चांदीची पेटी घडविली. तिच्यावर चरित्रातील ३२ प्रसंग कोरले आहेत.

पेटीखालील चौथरा टस्कनीच्या कोसिमो तिसऱ्याची देणगी. त्यातील रंगीत दगडांची श्रीमंती, खरे सांगावयाचे तर, किंचित जड वाटते. परंतु तेथेच काशाच्या चार पट्टिका आहेत. एकीत झेवियरांवर चालून आलेले लोक आहेत, तर दुसरीत त्यांचे मरण. ख्रिस्ताने क्रुसावर भोगलेल्या वेदनेतूनच तारण लाभते, अशी ख्रिस्ती श्रद्धा. त्यामुळे संताचा छळ वा मृत्यू शिल्पकाराला झाकावासा वाटत नाही. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’ने ख्रिस्ताची ती वेदना मराठी ओवीत आधीच गायिली होती. राजवैभवी संगमरवराच्या मधोमध त्या निर्धन मृत्यूला जागा देणारी पट्टिका मला साऱ्या समाधीत अधिक मोलाची वाटते.