मामू, नोकरी लागली!

कवीचं आणि कागदाचं नातं तसं जुनं. पण तो कागद कुठे आणि कसा तयार होतो, याची चौकशी मी पन्नाशी उलटल्यावर केली, तीही भाच्यामुळे. आयटीआयमधून फिटर झालेला हा मुलगा एका कागद कारखान्याच्या शिकाऊ भरतीत निवडला गेला. करारपत्र हातात नाचवत आला, “मामू, नोकरी लागली!” बहिणीने शेजारीपाजारी मिठाई वाटली. रिक्षा चालवणाऱ्या मेहुण्यांनी त्या पगाराच्या भरवशावर थोरल्या भाचीच्या निकाहची तारीखही धरली. बी.ए. झालेल्या मामूने करार न वाचताच पाठ थोपटली.

रात्री वाचला. ती नोकरी नव्हतीच.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या दुरुस्तीने ते शिक्षणानुसार दरमहा किमान 5,000 ते 9,000 रुपये ठरवलं. त्याच दुरुस्तीने तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं. दरवर्षी भरती निघते ती म्हणूनही. मुदत संपल्यावर कामावर ठेवायचं की नाही, याचं धोरण 2014 च्या दुरुस्तीप्रमाणे मालकाने ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं होतं, की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतल्या माणसापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला पसंती द्यावी. ‘इतर बाबी समान’ या शब्दांत मात्र बरंच काही मावतं!

मग जावं कशाला? याचं उत्तर कारखान्यातच आहे. बांबूचे किंवा निलगिरीचे तुकडे डायजेस्टर नावाच्या बंद भांड्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, वाफेच्या दाबाखाली शिजतात. लगदा धुऊन, पांढरा करून पाण्यात इतका पातळ करतात, की शंभर भागांत तंतू जेमतेम एक भाग. तो धावत्या जाळीवर पसरतो, पाणी गळतं, मग दाबाचे रूळ आणि पुढे वाफेने तापलेले सिलिंडर. हे यंत्र रात्रंदिवस चालतं. बेअरिंगचा आवाज बदलला हे ओळखणारा कान, दोन रुळांच्या चिमटीपासून हात लांब ठेवायची सवय, या गोष्टी वर्गात येत नाहीत. जुन्या फिटरच्या मागे वर्षभर हिंडावंच लागतं. कागदाचा उद्योग धोक्याचाच. म्हणून अशा उद्योगांतल्या ट्रेडना किमान वय अठरा, एरवी चौदा. उमेदवार कामगार नसला, तरी कामावर इजा झाल्यास भरपाई मालकाने द्यायची असते. शेवटी परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र दुसऱ्या कारखान्याच्या दारातही चालतं.

हे सगळं मी दुसऱ्या सकाळी मेहुण्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भाईजान, तारीख पुढे ढकलू. पोराला जाऊ द्या.” भाच्याने करार पुन्हा उघडला आणि या वेळी पहिल्या कलमापासून मोठ्याने वाचायला घेतला.