भाराभर चिंध्या

आमच्या घरीं एकाच वेळीं चार गोधड्या चालूं असतात, असें सांगितलें कीं ऐकणाराच्या ओठांवर जी म्हण येते ती मला आतां पाठ झाली आहे. ऐकणारा सभ्य असेल तर तो ती गिळून टाकतो. आमच्या यजमानांनीं मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती एकदांही गिळलेली नाहीं. एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि दुर्दैव असें कीं, माझ्या बाबतींत ही म्हण अलंकारिक नसून अक्षरशः खरी आहे. दिवाणखान्यांतील पेटी उघडावी तर चिंध्या, कपाटावरचें बोचकें सोडावें तर चिंध्या. आणि एकदां कणकेच्या डब्याच्या झाकणावर सुई सांपडल्यामुळें जो प्रसंग ओढवला, त्याचें वर्णन येथें न केलेलेंच बरें.

परंतु गेल्या मार्गशीर्षांत घडलेल्या एका लहानशा गोष्टीमुळें या म्हणीचा विचार मला निराळ्या बाजूनें करावा लागला. ज्या वाचकभगिनींच्या घरीं अशींच अर्धीं कामें पेट्यांतून पडलेलीं असतील, त्यांच्यापुढें तो मांडावा असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

प्रथम या चौघींची ओळख करून दिली पाहिजे. पहिली ती खरें म्हणजे गोधडी नव्हे, दुपटें होय. गोतावळ्यांत कोणाच्या ना कोणाच्या घरीं पाळणा हलावयाचा असतोच, त्यामुळें एक दुपटें संपलें कीं दुसरें हातीं येतें. तीन फुटांचा चौकोन, वर-खालीं जुनें धोतर आणि मध्यें मऊ झालेल्या लुगड्याचा एक थर, एवढाच त्याचा प्रपंच. धोतर जितकें विरलेलें तितकें चांगलें. मात्र धुतांना बोट आरपार जाईल इतकें विरलेलें नको. दुसरी गोधडी चिरंजीवांच्या शाळेच्या सदऱ्यांची. ती त्यांनीं स्वतः मागितली, म्हणून उत्साहानें आरंभिली. पण ते सदरे टेरिकॉटचे असल्यानें कापड सुईखालून निसटतें, कडा उसवतात, आणि एका चौकोनाला सुती चौकोनाच्या दुप्पट वेळ लागतो. चिरंजीव आतां नोकरीला लागले. गोधडी अद्यापि पांचव्या इयत्तेंत आहे.

तिसरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत राहते. कागदाचे लहान लहान षट्कोन कापावयाचे, त्यांवर कापड दुमडून टाचावयाचें, आणि असे षट्कोन कडेला कड लावून बारीक टांक्यांनीं जोडीत जावयाचें, ही विलायती रीत. आगगाडींत किंवा दवाखान्यांत नंबर येईपर्यंत हें काम उत्तम होतें. सर्व जोडून झालें कीं कागद काढून घेतात. परंतु जें काम अपुरें राहिलें त्यांत ते तसेच राहतात, आणि इंग्लंडांतील अशा जुन्या अर्धवट कामांत पत्रांचे, हिशेबांचे, मुलांच्या कित्त्यांचे तुकडे मिळून त्यांवरून अभ्यासकांना काळाचा अंदाज बांधतां येतो. काम पुरें झालें असतें तर हें ज्ञान हातीं लागलेंच नसतें! हा मुद्दा मीं यजमानांपुढें मांडून पाहिला. त्यांनीं वर्तमानपत्राचें पान उलटलें.

मग मीं जेन ऑस्टेनची साक्ष काढली. या सुप्रसिद्ध कादंबरीकर्त्रीनें १८११ सालच्या मे महिन्यांत आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रांत गोधडीसाठीं तुकडे जमविण्याची आठवण करून दिली असून, तुकड्यांवांचून काम अडल्याचें कळविलें आहे. त्याच वर्षीं ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिनें, बहिणीनें व आईनें मिळून केलें असें सांगितलें जाणारें पांघरूण चॉटन येथील तिच्या घरांत, ज्याचें आतां संग्रहालय झालें आहे, जपून ठेविलेलें आहे. एका हातांत मुद्रितें आणि दुसऱ्या हातांत चिंध्या असलेली ही बाई आमच्या घरीं पडली असती, तर तिलाही ती म्हण ऐकावी लागली असती, यांत मला संशय नाहीं. आपल्याकडे तरी निराळें काय आहे? भर्तृहरीनें वैराग्यशतकांत विरक्ताच्या अंगावर कंथा घातली; ती शिवली कोणी, हें सांगावयाचें त्याला सुचलें नाहीं.

असो. चौथी गोधडी सासूबाईंची.

ती समजण्यासाठीं थोडें गणित केलें पाहिजे. नऊवारी लुगडें म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. आणि पन्हा पंचेचाळीस इंचांचा असेल तर दोन दोन तुकडे शेजारीं जोडून दोन माणसांच्या पांघरुणाचा वरचा व खालचा असे दोन्ही थर एकाच लुगड्यांतून निघतात. पांचवारी पातळांतून जेमतेम एक थर निघतो. लुगडीं नेसण्याची चाल मागें पडली तशा घरोघरच्या मोठ्या गोधड्याही मागें पडल्या, याचें एक कारण या साध्या हिशेबांत असावें, असें मला वाटतें. आतां अर्ध्या अर्ध्या इंचावर धांवदोऱ्याची ओळ घालावयाची म्हटली, तर सुमारें बाराशें फूट शिवण होते. इंचाला तीन टांके धरले तरी चाळीस हजारांच्या वर टांके. माझा हात तासाला दहा फुटांचा आहे. म्हणजे एकशेवीस तास, रोज नेमानें एक तास बसलें तरी चार महिने.

मामंजी २०१८ सालीं गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर सासूबाईंनीं ट्रंकेंतून आपलें जांभळें इरकली लुगडें आणि मामंजींचीं तीन धोतरें काढलीं आणि ‘एक मोठी गोधडी करूं या’ एवढेंच म्हणाल्या. धोतरांचे थर आंत, लुगडें वर-खालीं. जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन पितळी डबे ठेवले, लांब लांब टांक्यांनीं सर्व थर टाचून घेतले, आणि कांठापासून आंत असें शिवावयास आरंभ केला. ही आंत आंत जाणारी रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. उत्तर कानडांतील यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकाही आपल्या गोधड्या कडेनें सुरू करून मध्याकडे नेतात, आणि कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या घड्यांचीं फुलें बसविल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. या रीतीचा गुण असा कीं कडा आधीं पक्क्या होतात; दोष असा कीं टाचण सैल राहिलें तर सरकलेलें सारें कापड मध्यभागीं फुगवटा होऊन जमतें. सासूबाईंचें टाचण सैल असणें शक्यच नव्हतें.

आम्ही दोघी समोरासमोर बसून शिवीत असूं. वर्षभरांत निम्मी गोधडी झाली, आणि तेथें ती थांबली.

कां थांबली, याचीं कारणें देण्यांत मी तरबेज आहें, आणि तीं खोटीं नाहींत. वैशाखांत पांच थरांची गोधडी मांडीवर घेऊन कोण बसेल? आषाढ-श्रावणांत जुनें सुती कापड ओल धरतें आणि त्याला ऊन दाखवावयास ऊनच नसतें. जांभळ्यावर जांभळा दोरा दिव्याखालीं दिसत नाहीं, म्हणून रात्रीं पांढरें दुपटेंच हातीं घ्यावें लागतें. जाड थरांतून तासभर सुई ओढल्यावर अंगुस्तान घालूनही बोट हुळहुळतें. त्याला विसांवा म्हणून षट्कोन बरे. ऋतु, उजेड, डोळे आणि बोटें हीं चार ज्या घरीं निरनिराळ्या वेळीं निरनिराळें मागतात, तेथें एकच काम धरून बसणारी बाई वर्षाचे सात महिने रिकामी बसेल. एकाच वेळीं अनेक कामें चालविणें हा चंचलपणा नव्हे, असें मीं मनाशीं पक्कें ठरविलें होतें. आणि तें आजही मी मानतें.

त्यासाठीं मीं व्यवस्थाही लाविली होती. प्रत्येक कामाचें बोचकें निराळें. दोरा आरंभींच पुरेसा घेऊन ठेवावयाचा, कारण पुढें त्याच रंगाचा म्हणून आणलेला दोरा हमखास एक छटा उणा किंवा अधिक निघतो. काम ठेवतांना सुई कापडांत टोंचून ठेवावयाची नाहीं. हें मात्र मी किंमत देऊन शिकलें. २०२१ च्या पावसाळ्यांत एका दुपट्यांत सुई राहिली आणि दसऱ्याला काढून पाहतें तों पांढऱ्या धोतरावर गंजाचा डाग. लिंबू-मीठ चोळून उन्हांत घातलें. डाग फिका झाला, गेला नाहीं. तेव्हांपासून सुई काढून घेतें आणि थांबलें त्या जागीं लाल दोऱ्याची सैल गांठ मारून ठेवतें. शिवाय प्रत्येक बोचक्यांत एक चिठ्ठी: काम कोणाचें, कोठें थांबलें, पुढें केव्हां घ्यावयाचें.

गेल्या मार्गशीर्षांत मी असेंच एक दुपटें शिवीत बसलें होतें. त्या वर्षांतील तें तिसरें. सासूबाईंचें वय आतां चौऱ्याऐंशीं. डोळ्यांच्या पडद्याला उतारवयांत होणारा विकार त्यांना जडला आहे, त्यांत नजरेसमोरचा मध्यच पुसट होतो आणि आजूबाजूचें दिसत राहतें. त्यांनीं दुपट्यावरून हात फिरविला, बारसें केव्हां आहे तें विचारलें, आणि मग म्हणाल्या, “कपाटावरचं माझं बोचकं जरा खालीं काढतेस का ग?”

मीं काढलें. गांठ त्यांनींच सोडली. वरच चिठ्ठी होती. “काय लिहिलं आहेस त्यांत?”

चिठ्ठीवर माझ्याच हातची २०२२ सालची तारीख होती आणि खालीं ‘कार्तिकांत घेणें’ असें होतें. मीं वाचून दाखविलें. खोटें वाचतां आलें असतें, पण तें वेळेवर सुचलें नाहीं. त्यानंतर किती कार्तिक येऊन गेले हें आम्हां दोघींनाही मोजतां येत होतें. सासूबाई रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “बाकी सगळ्यांना तारीख आहे ग. माझ्या गोधडीचं कांहीं बारसं नाहीं.”

माझीं ऋतु, उजेड आणि बोटें हीं सारीं कारणें त्या एका वाक्यापुढें कशीं दिसूं लागलीं, तें सांगत बसत नाहीं. थंडी होती, दिवसाचा उजेड होता, बोटें धड होतीं; आणि तरीही माझ्या हातांत दुपटें होतें, कारण त्याची कोणीतरी बाहेरचें माणूस वाट पाहत होतें. घरांतलें माणूस वाट पाहतें हें कोणी येऊन सांगत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गोधडी पसरली. अडचण सुईंत दोरा ओंवण्याची होती. “अहो आई, तुम्ही नुसत्या शेजारीं बसा,” असें मी म्हणालें, तें त्यांना मुळींच आवडलें नाहीं. मग युक्ति काढली. रोज सकाळीं मी आठ सुया ओंवून उशीवर ओळीनें टोंचून ठेवतें. त्या डाव्या हाताच्या अंगठ्यानें मागची ओळ चांचपीत जातात आणि तिच्या शेजारून सुई घालतात. दोरा संपला कीं शेवटची गांठ मारावयाला मला हांक येते. त्यांच्या ओळी आतां पूर्वीसारख्या सरळ येत नाहींत. कांहीं एकमेकींना भेटतात, कांहीं लांब जाऊन परत येतात. समाचाराला आलेल्या एका नातलग बाईंनीं, रात्रीं त्या निजल्यावर तेवढें उसवून नीट करून टाक, असा सल्ला हळूच दिला. ‘हळूच’ हें त्यांचें मत. सासूबाईंचे कान उत्तम आहेत. मीं एकही टांका उसवलेला नाहीं.

तिसरें दुपटें अर्थातच वेळेवर गेलें नाहीं. त्या बाळाचें बारसें शेजाऱ्यांनीं दिलेल्या विकतच्या दुपट्यावर झालें, आणि त्याच्या आजीनें तें मला फोनवर दोनदां ऐकविलें. सदऱ्यांची गोधडी पांचव्या इयत्तेंतच नापास होऊन बसली आहे. डब्याला मीं हात लाविलेला नाहीं. यजमान हल्लीं म्हण काढीत नाहींत. कधीं मी भाजी निवडीत असतें तेव्हां न सांगतां सुया ओंवून ठेवतात, मात्र दोरा एवढा लांब घेतात कीं तो गुंततोच.

हें लिहितांना फाल्गुन लागला आहे. चारी बाजूंनीं आंत येतां येतां गोधडीच्या मध्यभागीं आतां हातभर लांब आणि वीतभर रुंद एवढीच जागा उरली आहे. मनांत आणलें तर आठवड्याचें काम. माघांत सासूबाई दिवसाला पांच-सहा सुया सहज रिकाम्या करीत. परवां दोन झाल्या. काल एकच. आज दुपारीं विचारलें तर म्हणाल्या, “दोरा जरा गुंतत होता.” मीं पाहिलें, दोरा गुंतला नव्हता. उद्यांसाठीं आठ सुया ओंवून ठेवल्या आहेत.