मोटारदुरुस्तीची विद्या : गॅरेज आणि कॉलेज

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागातील पुष्कळ घरांतून एकच विचार सुरू होतो. मुलगा यंत्रात रमणारा आहे, सायकल खोलून पुन्हा जोडतो, शेजाऱ्याच्या मोटारसायकलचा प्लग साफ करून देतो. तेव्हा त्याला ओळखीच्या मिस्त्रीकडे गॅरेजात ठेवावे, की पैसे खर्चून दोन-तीन वर्षे शिकवावे? गॅरेजात पहिल्या महिन्यापासून चार पैसे हातात येतात. कॉलेजात ते जातात. हिशेब सोपा दिसतो, पण तो तितका सोपा नाही. स्मरणिकेच्या वाचकांत अशी मुले असलेली कुटुंबे आहेत म्हणून या शिक्षणात नेमके काय शिकवितात, कोठे शिकवितात आणि ते का शिकावयाचे, हे थोडे विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम गॅरेजाचा मान गॅरेजाला दिला पाहिजे. चांगल्या मिस्त्रीच्या कानाला इंजिनाच्या आवाजातला जो फरक कळतो तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. नट किती आवळावा हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. आपल्या प्रदेशात यंत्रविद्या अशाच वाटेने आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. किर्लोस्कर बंधूंचा उद्योग १८८८ साली बेळगावात सुरू झाला तो सायकलच्या दुकानातून. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

ही कथा सांगताना लोक एक भाग विसरतात. लक्ष्मणराव केवळ हातोडा चालवून मोठे झाले नाहीत. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकावयास गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे आढळल्यावर रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवू लागले. (ही संस्थाही एका महोत्सवाच्या निमित्ताने, १८८७ साली, निघालेली, महोत्सवांतून कधी कधी टिकाऊ गोष्टीही निघतात.) यंत्र कागदावर वाचता येणे ही त्यांची भांडवलाइतकीच मोठी पुंजी होती. मिस्त्री आणि तंत्रज्ञ यांत जो फरक आहे तो बहुतेक येथेच आहे.

आता शिक्षणाच्या वाटा पाहू. सर्वांत जवळची वाट आय.टी.आय.ची. कारागीर प्रशिक्षण योजना भारत सरकारने १९५० साली सुरू केली. तीत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आहे. दोहोंना दहावी उत्तीर्ण असावे लागते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात किंवा एस.टी.सारख्या परिवहन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करता येते व तीत विद्यावेतन मिळते. दुसरी वाट पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची; तीही दहावीनंतरच. तिसरी पदवीची, बारावी विज्ञान आणि प्रवेशपरीक्षेनंतर चार वर्षांची. आपल्याकडे पदवीच्या परीक्षा घेणारे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय बेळगाव-खानापूर रस्त्यावर मच्छे येथे आहे; आपली मुले बसमधून रोज त्याच्या फाटकावरून जातात. ऑटोमोबाइल ही स्वतंत्र शाखा प्रत्येक कॉलेजात नसते. नसेल तर मेकॅनिकल घेऊन पुढे मोटारीकडे वळता येते, त्यात काही बिघडत नाही.

पालकांना बहुधा ठाऊक नसते ते असे की या तीन वाटा एकमेकींना मिळालेल्या आहेत. दोन वर्षांचा आय.टी.आय. पूर्ण केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो, आणि डिप्लोमा झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे आय.टी.आय.ला गेला तो कायमचा खालच्या पायरीवर राहिला, ही समजूत खरी नव्हे. ज्या घरात चार वर्षांच्या फीची एकदम तरतूद होत नाही, तेथे मुलाने पायरी-पायरीने, मध्ये कमाई करीत, वर जाणे हेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शिक्षणाचा आरंभ इंजिनापासून होत नाही, म्हणून पुष्कळ मुले पहिल्या दोन महिन्यांत कंटाळतात. प्रथम कानस, छिन्नी, हातोडा. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणावयाचा, व्हर्निअर व मायक्रोमीटरने मोजावयाचा. हे काम रटाळ खरे. परंतु मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे बोटांना येथेच कळते, आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट याच मापाची असते. मग इंजिन खोलावयाचे. हवा आत घेणे, दाबणे, पेटून ढकलणे, धूर बाहेर टाकणे या चार फेऱ्यांत क्रँक दोनदा फिरतो. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी लागते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा पंधरा ते वीस पट दाबली की तिची उष्णता पाचशे अंशांच्या वर जाते आणि त्यात उडविलेले तेल आपोआप पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, त्याचेच हे मोठे रूप.

आपल्या खानापूरकरांना यात एक गंमत वाटावी. मातीच्या भांड्यांचे व कौलांचे आपले गाव. पण मोटारीशी मातीचा संबंध काय, असे कोणी विचारील. प्लगवरचा पांढरा भाग हा भाजलेल्या मातीच्या भांड्यांच्याच कुळातला असतो, कारण वीज अडवील आणि उष्णताही सोसील असा पदार्थ तोच. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आतले मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळेही बहुधा तशाच जातीचे. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून तर त्या डब्यांची चोरी होते!

घाटाची गोष्ट घेऊ. खानापुराहून गोव्याला एक रस्ता लोंढा, रामनगर व अनमोडवरून मोल्लेमला उतरतो. दुसरा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने जातो. दहा टन वजनाचा ट्रक पाचशे मीटर उंची उतरला असे धरू. नुसत्या ब्रेकवर तो उतरविला तर जी उष्णता निर्माण होईल तीत सुमारे दीडशे लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते, ड्रम फुगतो, लायनिंगची पकड सुटते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरात चढावे त्याच गिअरात उतरावे. त्या म्हणीमागचे गणित हे आहे. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. कॉलेजात हे गणित करून घेतात. गणित कळलेला मुलगा घाटाखाली थांबलेल्या गाडीचे लायनिंग बदलून स्वस्थ बसत नाही. ते का जळले हे ड्रायव्हरला विचारतो.

मुख्य प्रश्न आता येतो. गॅरेजात राहून हे सारे पूर्वी शिकता येत होते. मग आता कॉलेज कशाला? उत्तर असे की गेल्या पंचवीस वर्षांत गाडीच बदलली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. डिझेल मोटारीच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. हे साधण्यासाठी डिझेलचा दाब कॉमन रेल पद्धतीत दीड-दोन हजार बारपर्यंत न्यावा लागला. मोटारीच्या टायरातील हवा दोन-सव्वादोन बार असते, यावरून कल्पना यावी. तीन हजार फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा तेल उडते, तेही दर वेळी दोन-तीन हप्त्यांत. हे हाताने जुळविण्याचे काम राहिले नाही. ते एक लहानसा संगणक करतो आणि बिघाड झाला तर आकड्यांच्या सांकेतिक भाषेत सांगतो. मोठ्या गाड्यांत धुरावर युरियाचे ३२.५ टक्के द्रावणही फवारावे लागते. ते संपले की इंजिन शक्ती कमी करते, आणि अनभिज्ञ माणूस पंप खोलून बसतो.

यातील धोका पालकांनी नीट समजून घ्यावा. जुन्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर काम देत नाही हे पाहावयाचे तर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करीत असे. पद्धत सोपी, आणि त्या काळी योग्यही. हीच पद्धत कॉमन रेल इंजिनावर केली तर सुईसारखी बारीक धार बाहेर येते आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, दुखतही नाही. परंतु आत तेल पसरते आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. पाहून-पाहून शिकलेल्या मुलाला हे कोण सांगणार? त्याच्या वस्तादाने तर आयुष्यभर नट सैल करूनच बिघाड शोधलेला असतो. विजेच्या मोटारींचेही तसेच. बारा व्होल्टच्या बॅटरीची सवय झालेला हात तीन-चारशे व्होल्टच्या नारिंगी तारांवर पडला तर दुसरी संधी मिळत नाही. प्रवाह कोठून तोडावा, किती वेळ थांबावे, मोजून खात्री कशी करावी, हातमोजे कोणते घालावेत, हा आता अभ्यासाचाच भाग आहे.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी कॉलेजची इमारत पाहू नये, वर्कशॉप पाहावे. तेथील किती इंजिने खरोखर चालू होतात? भारत स्टेज सहाचे एखादे इंजिन आहे काय? बिघाडाचे आकडे वाचणारे स्कॅनर यंत्र मुलांच्या हाती देतात, की कपाटात कुलूपबंद असते? एका पान्याला किती मुले? प्रमाणपत्र सरकारमान्य मिळते की संस्थेचे स्वतःचे, हे तर फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. आकर्षक पाटीच्या खाजगी वर्गांत पैसे भरून हाती नुसता रंगीत कागद आलेली मुले आपल्या पाहण्यात आहेत.

भाषेची अडचण आपल्याकडे विशेष आहे, ती झाकून उपयोग नाही. मराठी शाळेतला मुलगा घर्षण, दाब, जडत्व हे सारे शिकून आलेला असतो. पण वर्गात फ्रिक्शन, प्रेशर, इनर्शिया ऐकले की हे आपल्याला येतच नाही असे समजून मागच्या बाकावर जातो. वस्तुतः त्याला विषय येतो, नाव येत नाही. पहिल्या दिवसापासून वहीच्या पानाचे दोन भाग करून एकीकडे शाळेतला शब्द व दुसरीकडे वर्कशॉपमधला शब्द लिहीत जावे; सहा महिन्यांत ही भीती जाते. आणि बेळगाव-हुबळीकडे नोकरी करावयाची तर कानडी बोलता आले पाहिजे. ग्राहक आपल्या गाडीचे दुखणे त्याच्या भाषेत सांगणार.

मुलींविषयी दोन शब्द. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. हुबळीच्या कॉलेजातून पदवी घेतलेल्या सुधा कुलकर्णी यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, त्यांना मुलाखतीस बोलाविण्यात आले आणि नोकरी मिळाली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. स्कॅनर वाचणे, तारांचा नकाशा लावणे, मोजमाप घेणे यांस दंडाची ताकद लागत नाही, आणि जड वस्तू उचलावयास आता मुलांनाही जॅक व होइस्ट लागतातच.

जी मुले आधीच गॅरेजात गेली, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही दार बंद नाही. अनुभवाने आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. दहावी झालेला असेल तर वय फार वाढण्यापूर्वी आय.टी.आय.ला अर्ज करावा. हाताला वळण असलेला असा मुलगा बहुधा वर्गात पुढे असतो. दहावी राहिली असेल तर आधी ती पुरी करावी. निकालानंतर प्रवेशाचे दिवस थोडे असतात. गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि आधार यांच्या प्रती एप्रिलमध्येच तयार ठेवाव्यात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत ऐनवेळी खेपा घालाव्या लागल्याने शिष्यवृत्ती हुकलेली मुले थोडी नाहीत.