विश्लेषण : ‘बाय १५ ऑक्टोबर’ म्हणजे नेमके कधी? दोन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि इतिहास

‘प्लीज सबमिट द फॉर्म बाय १५ ऑक्टोबर.’ असा संदेश मोबाइलवर आला, की एकाच घरात तीन मते पडतात. कुणी म्हणते, फॉर्म पंधरा तारखेलाच भरायचा. कुणी म्हणते, पंधराच्या आधीच. तिसऱ्याला वाटते, पंधरापर्यंत कधीही. शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा नोकरीचा अर्ज असेल, तर हा गोंधळ महागात पडू शकतो. गोंधळाचे मूळ आहे ‘बाय’ या छोट्या शब्दयोगी अव्ययात.

मुदतीतला ‘बाय’ काय सांगतो?

तिसरे मत बरोबर. मुदत सांगताना ‘बाय’चा अर्थ ‘त्या वेळेपर्यंत काम पूर्ण झालेले असावे’ असा होतो. सर्वसाधारण वापरात १५ तारीखही त्यात धरली जाते. मात्र ‘बिफोर १५ ऑक्टोबर’ असे लिहिले असेल, तर शेवटचा दिवस १४ तारीख. सूचनेत वेळही दिली असेल, तर तीच अंतिम.

‘बाय’ आणि ‘टिल’ यांत फरक काय?

मराठीत दोन्हींसाठी ‘पर्यंत’ चालते, म्हणूनच आपली गफलत होते. ‘मी पाचपर्यंत ऑफिसात आहे’ यात असणे पाचपर्यंत चालू राहते. तिथे ‘टिल फाइव्ह’. ‘मी पाचपर्यंत ऑफिसात पोहोचतो’ यात पोहोचणे पाचच्या आत कधीतरी घडून संपते. तिथे ‘बाय फाइव्ह’. मराठीत हा फरक क्रियापद सांगते, इंग्रजीत अव्यय. त्यामुळे लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारावा : काम तोपर्यंत चालू राहणार आहे की संपणार आहे? ‘आय विल फिनिश इट टिल मंडे’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच चुकीचे ठरते.

आकड्यांमध्ये काळजी का घ्यावी?

दोन हजारांचे बूट ‘बाय ५००’ स्वस्त झाले, तर ते दीड हजारांना मिळतील. ‘टू ५००’ झाले, तर पाचशेला! मराठीत ‘पाचशेने कमी’ आणि ‘पाचशेवर आले’ असा स्पष्ट भेद आहे. घाईच्या भाषांतरात तो हरवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ‘बाय ०.२५’ टक्के घटवला आणि तो ‘टू ६.२५’ टक्के झाला. यातले ‘बाय’ आणि ‘टू’ बदलून वाचले, तर गृहकर्जाचा सगळा हिशेबच कोलमडेल.

मोजमापात तर ‘बाय’ दोन उलट कामे करतो. ‘दहा बाय बाराची खोली’ म्हणताना तो गुणाकार असतो आणि हॉटेलात ‘वन बाय टू कॉफी’ मागवताना भागाकार. इंग्रजीत ‘मल्टिप्लाइड बाय’ आणि ‘डिव्हायडेड बाय’ असे दोन्ही प्रयोग आहेत.

हा शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘बी’ असे होते आणि अर्थ होता ‘जवळ, शेजारी’. जर्मन भाषेत याच कुळातला शब्द आजही ‘जवळ, कडे’ या अर्थाने वापरला जातो आणि त्याचा उच्चारही ‘बाय’ असाच होतो. ‘सिट बाय द विंडो’मध्ये हा मूळ अर्थ टिकून आहे. शेजारून जाणे म्हणजे ‘पास बाय’. ज्या वाटेने जायचे ती वाट म्हणजे पुढे साधन झाली : ‘बाय रोड’, ‘बाय पोस्ट’. साधनावरून अर्थ कर्त्याकडे सरकला : ‘रिटन बाय’, म्हणजे अमुक व्यक्तीने लिहिलेले. कर्ता दाखवण्यासाठी पूर्वी ‘ऑफ’ही वापरत असत. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये तसे प्रयोग सापडतात. पुढे ‘बाय’ने ती जागा घेतली.

‘बिफोर’, ‘बिहाइंड’, ‘बिसाइड’ यांतला ‘बि’ याच घराण्यातला. ‘बिकॉज’ म्हणजे मुळात ‘बाय कॉज’, अर्थात ‘कारणाने’.

सगळेच ‘बाय’ एक आहेत का?

नाहीत. निरोपाचा ‘बाय’ हा ‘गुडबाय’चा तुकडा. तो ‘देव तुमच्यासोबत असो’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचा आक्रसलेला अवशेष आहे. इंग्लंडमधील डर्बी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांतला ‘बी’ तिथे स्थायिक झालेल्या डॅनिश लोकांचा. त्याचा अर्थ गाव किंवा वस्ती. आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे ‘बायलॉज’, म्हणजे उपविधी, हा शब्दही बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच शब्दाशी जोडलेला आहे : गावापुरता कायदा. ‘बायइलेक्शन’, म्हणजे पोटनिवडणूक, यातला ‘बाय’ मात्र आपलाच. बाजूची, मुख्य नसलेली अशा अर्थाचा.

मराठी लिहिताना काय टाळावे?

प्रत्येक ‘बाय’साठी ‘द्वारे’ वापरू नये. ‘पोलिसांद्वारे चोराला अटक करण्यात आली’ ही इंग्रजीची सावली. ‘पोलिसांनी चोराला अटक केली’ हे सरळ मराठी. ‘बाय प्रेसिंग द बटन’ म्हणजे ‘बटण दाबून’, ‘बाय मिस्टेक’ म्हणजे ‘चुकून’ आणि ‘बाय हार्ट’ म्हणजे ‘तोंडपाठ’. मराठीकडे ‘ने’, ‘ऊन’, ‘शेजारी’, ‘पर्यंत’ अशी नेमकी साधने आहेत. प्रसंग पाहून त्यांतले निवडावे.

आणि पुढच्या वेळी ‘बाय १५ ऑक्टोबर’ असा संदेश आलाच, तर पंधरा तारखेची वाट पाहू नका. सर्व्हर शेवटच्या दिवशीच बसतो, हे व्याकरणात लिहिलेले नसते.