लंडन-पॅरिस : वीस मिनिटांचा प्रवास

लंडनहून पॅरिस किती लांब? हा साधा प्रश्न मला नीट न समजल्यामुळे माझ्या भाचीची हळद चुकली. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

काही वर्षांपूर्वी लंडनहून पॅरिसमार्गे मुंबईला निघालो होतो. तिकिटावर लिहिलं होतं, लंडन सकाळी ९, पॅरिस ११.२०. म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त! येतानाच्या रकान्यात पाहिलं तर पॅरिस ९, लंडन ९.२०. वीस मिनिटं! छपाईची चूक असणार, म्हणून मी हसलो आणि तिकीट खिशात ठेवलं.

चूक नव्हती. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. खरा वेळ दोन्हीकडून एक तास वीस मिनिटंच. गंमत म्हणजे सूर्याच्या हिशेबानं या दोन शहरांत जेमतेम दहा मिनिटांचा फरक आहे. १९११पासून फ्रान्सचं घड्याळही ग्रिनिचप्रमाणेच चालत होतं. १९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या आणि त्यांनी तिथं बर्लिनची वेळ लावली. फौजा गेल्या, वेळ राहिली.

आता अंतर. सरळ रेषेत ते सुमारे ३४५ किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगानं हे अर्ध्या तासाचंही काम नाही. पण विमान दारापासून निघून धावपट्टीपर्यंत रांगतं, तिथं रांगेत उभं राहतं; हा सगळा वेळ तिकिटात धरलेला असतो. शिवाय पूर्ण उंचीवरच्या जेट विमानाला उतरायला दीड-दोनशे किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. चढण्यात निम्मं अंतर गेलं की उतरणं आलंच. पूर्ण वेगानं पळायला वाटच उरत नाही. त्यामुळे हवेत पाऊण तास आणि बाकीचा जमिनीवर, असा हा प्रवास असतो.

२५ ऑगस्ट १९१९ला या मार्गावर रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा एका प्रवाशाला घेऊन गेलेल्या त्या छोट्या विमानाला अडीच तास लागले होते. विमानांचा वेग तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढला, प्रवासाचा वेळ मात्र निम्मासुद्धा झाला नाही! समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे सुमारे ४९० किलोमीटर धावते आणि साधारण सव्वादोन ते अडीच तासांत शहराच्या मध्यात नेऊन सोडते. विमानतळावर जाण्या-येण्याचा वेळ धरला, तर मी तरी रेल्वेच निवडीन.

पण त्या दिवशी मला पुढे मुंबई गाठायची होती. दीडचं विमान. माझ्या मनगटावर साडेबारा वाजले होते, म्हणून निवांत कॉफी पीत बसलो. दाराशी पोचलो तर ते बंद झालेलं. घड्याळ लंडनचंच होतं! दुसऱ्या दिवशीच्या विमानानं निघालो, तो अक्षतांना कसाबसा पोचलो. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परतताना मात्र पॅरिसला घड्याळ लावून घेतलं. नऊला निघालो. लंडनवर गर्दी होती, म्हणून विमानानं उतरण्याआधी आकाशात चार घिरट्या घातल्या. वीस मिनिटांच्या प्रवासाला पस्तीस मिनिटं लागली.