पोलादी नौका आणि आकाशक

‘बिनतारी’ हा शब्द थोडा फसवा आहे. संदेश तारेवाचून जातो खरा. परंतु त्याला अवकाशात सोडण्यासाठी तार लागतेच. तिलाच आपण आकाशक, व्यवहारात एरियल किंवा अँटेना, म्हणतो.

गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले ‘तरंगिणी’ हे पोलादी बांध्याचे शिडाचे जहाज १९९७ साली नौदलात दाखल झाले. दिवाडी बेटावर बांधलेल्या ज्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचा बांधा मात्र लाकूड व काचतंतूंचा. आकाशकाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

दूरच्या संदेशासाठी लघुलहरी वापरतात. ८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३७.५ मीटर, म्हणून पाव तरंगाची तार सुमारे ९.४ मीटर लागते. अशा तारेला खाली ‘भूमी’चा आधार हवा. लाकडी नौकेत त्यासाठी तांब्याचे पत्रे अंथरावे लागतात. धातूच्या नौकेत सारा बांधाच समुद्राला भिडलेला असल्याने उत्तम भूमी आयतीच लाभते. रंगाचा थरही त्यात आड येत नाही.

परंतु खाली उपकारक ठरणारा धातू वर अडसर होतो. डोलकाठी, कठडे व ताणाचे दोर जवळ असतील, तर ते ऊर्जा गिळतात. म्हणून डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या पोलादी दोरातच वर व खाली विद्युत्‌रोधक बसवून मधला भाग आकाशक म्हणून वापरतात. खालचा रोधक माणसाच्या हाताच्या टप्प्याबाहेर असावा. प्रक्षेपण चालू असता त्या तारेचा स्पर्श पोळतो. जुळणीयंत्र तारेच्या पायथ्याशीच ठेवावे आणि तेथून निघणारी तार धातूपासून दूर धरावी. यंत्रापासून बांध्यापर्यंतची जोडपट्टी रुंद व आखूड असावी. अॅल्युमिनियमच्या बांध्याला तांबे थेट टेकवू नये; खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम झिजते. मध्ये धारित्र घातल्यास रेडिओप्रवाह जातो, झिजविणारा एकदिश प्रवाह अडतो.

जवळच्या संभाषणाचा, १५६.८ मेगाहर्ट्झचा, आकाशक डोलकाठीच्या शेंड्यावरच शोभतो; कारण या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत जातात. १६ मीटर उंचीवरून त्यांचे क्षितिज सुमारे १६.५ किलोमीटरवर असते.

आता एक इशारा. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या. पाठीला गंभीर इजा झालेल्या या खलाशाचा जगाशी संपर्क राहिला तो उपग्रहामार्फत जाणाऱ्या लेखी संदेशांनी, आणि २४ तारखेला त्यांची सुटका झाली. डोलकाठी पडली की तिच्या आधाराचे आकाशकही पडतात. तेव्हा डोलकाठीवर अवलंबून नसलेला, मागील कठड्यालगत रोधकावर उभा करता येईल असा दुसरा आकाशक नौकेत असलाच पाहिजे. संकटकाळी मदतीची हाक ऐकू जाणे त्यावरच अवलंबून असते.