नक्कल ठेवावी, पण कुठे?

दागिने बँकेच्या लॉकरात, रोजकीर्द कपाटात. संगणकातल्या फायली मात्र रामभरोसे! त्यांची नक्कल ऑनलाइन ठेवावी हे खरे. पण ती राहते कुठे? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. काही ग्राहकांची नक्कलही त्याच आवारात होती. मूळ गेले नि नक्कलही गेली. म्हणून सेवा निवडताना आधी विचारावे, नक्कल दुसऱ्या गावी राहते काय? नुसत्या सिंकला बॅकअप समजू नये. इथे पुसलेले तिथूनही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस मिळतात, तेही पाहावे. पेढीच्या हिशेबांची नक्कल तर रोज आपोआप व्हावी. आणि वाचकहो, अधूनमधून एखादी फाईल परत उतरवून पाहा. किल्ली कधी लावूनच न पाहिलेल्या तिजोरीचा भरवसा काय?